रुप्याची पडती आणि नाण्यांचे संग्राहक

नाणीं जमविणारीं माणसें दोन प्रकारचीं असतात, आणि बहुधा त्यांची एकमेकांशीं ओळख नसते. पहिला प्रकार शोकी संग्राहकाचा. तो कपाटांत मखमलीचे खण करून त्यांत क्षत्रपांचीं, सातवाहनांचीं, मोगलांचीं नाणीं लावून ठेवतो, त्यांवरील अक्षरें भिंगानें वाचतो, आणि एखादें दुर्मिळ नाणें हातीं आलें म्हणजे त्या रात्रीं त्याला झोंप येत नाहीं. दुसरा प्रकार खेड्यांतील गृहस्थाचा, किंवा खरें बोलावयाचें तर गृहिणीचा. ती चुलीमागें पुरलेल्या गाडग्यांत वर्षाकांठीं चार रुपये टाकते आणि त्यांवर काय लिहिलें आहे हें तिला ठाऊक नसतें. इतिहासाच्या ग्रंथांत पहिल्याचें नांव येतें, दुसरीचें येत नाहीं. वस्तुतः पहिल्याच्या कपाटांतील पुष्कळशीं नाणीं असल्याच एखाद्या गाडग्यांतून आलेलीं असतात. मध्यें कांहीं शतकें लोटलेलीं असतात इतकेंच.

बाजारांतील भाव कोसळला म्हणजे या दोघांवरही संकट येतें, परंतु तें एकाच प्रकारचें नसतें. पहिल्याची मिळकत कागदावर घटते, दुसरीची पोटावर. हा भेद अर्थशास्त्राच्या पुस्तकांत क्वचितच सांपडतो, म्हणून तो आपल्याच एका जिल्ह्याच्या उदाहरणानें पाहावा असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. जिल्हा भंडाऱ्याचा, आणि काळ मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचीं तीस वर्षें.

भंडारा हा वैनगंगेच्या कांठचा, भाताचा व तळ्यांचा मुलूख. (१९९९ सालीं गोंदिया जिल्हा त्यांतून वेगळा काढण्यांत आला, तेव्हां पुढें जे जुने आंकडे येतील ते गोंदियासह समजावे.) कोहळ्यांनीं बांधलेल्या तळ्यांवर येथील शेती उभी होती. भात चांगलें आलें तर सारा भरून, सावकाराचें देऊन, घरांत कांहीं उरत असे. आणि जें उरे तें ठेवावयास पेढी किंवा बँक जवळपास नव्हती. शिल्लक टिकविण्याचे मार्ग दोनच: रुपया तसाच पुरून ठेवावयाचा, किंवा सोनाराकडून त्याचा दागिना करून घ्यावयाचा. गोट, वाळे, सरी, करगोटा हीं त्या घरांचीं बचतीचीं खातीं होतीं. शहरांतील विद्वान् लोक यास शेतकऱ्याचा दागिन्यांचा हव्यास म्हणून नांवें ठेवीत. त्यांना एक गोष्ट दिसत नसे. रुपयाचें वजन बरोबर एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन. त्यांत बारांतील अकरा भाग शुद्ध चांदी. मुंबईच्या अगर कलकत्त्याच्या टांकसाळींत कोणीही चांदी नेऊन द्यावी आणि शेंकडा दोनच्या सुमारास घडणावळ कापून रुपये घेऊन यावे, असा खुला नियम होता. भंडाऱ्याचा शेतकरी टांकसाळींत कधींच जात नसे हें खरें. पण सराफाचा भाव त्या खुल्या दाराशीं बांधलेला असे. तोळाभर चांदीचा दागिना मोडला तर बट्टा वजा जातां जवळजवळ रुपया मिळावयाचाच. म्हणजे अंगावरील दागिना हा हौसेचा जिन्नस होताच, शिवाय तो केव्हांही वटविण्याजोगा रुपया होता.

त्या गाडग्यांत दोन तऱ्हेचे रुपये असत. एक कलदार, म्हणजे यंत्रावर पाडलेला, कंगोरेदार कडेचा, राणीचें चित्र असलेला सरकारी रुपया. दुसरा नागपुरी. नागपूरकर भोंसल्यांच्या अमदानींत हातोड्यानें पाडलेला हा रुपया ओबडधोबड. त्यावर नांव दिल्लीच्या बादशहाचें, लिपि फार्सी, आणि ठसा चकतीहून मोठा असल्यामुळें निम्मीं अक्षरें बाहेरच राहिलेलीं. ज्या भोंसल्यांनीं बंगालपर्यंत घोडीं नेलीं व कटकास राज्य केलें, त्यांनींही आपलें नांव रुपयावर घातलें नाहीं. नाण्यावरील नांवापेक्षां नाण्याचा विश्वास महत्त्वाचा, हें त्यांस कळत होतें. १८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघूजी वारले, राज्य खालसा झालें, आणि हळूहळू नागपुरी रुपया सरकारी व्यवहारांतून उठला. पण गाडग्यांतून तो उठला नाहीं. तो चांदीचा होता, आणि चांदी आहे तोंवर भीति नाहीं, अशी लोकांची समजूत होती. ती समजूत त्या वेळीं मूर्खपणाची नव्हती.

चांदीस धोका कोठून आला? भंडाऱ्यापासून फार दूरवरून. १८७१ पासून १८७३ पर्यंत जर्मनीनें सोन्याचें चलन स्वीकारलें आणि आपली जुनी चांदी बाजारांत काढली. १८७३ सालीं अमेरिकेनें आपल्या कायद्यांतून चांदीच्या डॉलरची खुली पाडणी वगळली. फ्रान्सादि देशांनींही लवकरच चांदीस आपलीं दारें बंद केलीं. त्याच सुमारास अमेरिकेंतील नेवाडा प्रांतांतल्या खाणींतून चांदीचा लोंढा निघत होता. गिऱ्हाइकें गेलीं आणि माल वाढला. लंडनांत १८७२ च्या सुमारास औंसाला ६० पेन्स असलेली चांदी १८९२ सालीं ४० च्याही खालीं उतरली. रुपयाची विलायती किंमत सुमारें २३ पेन्स होती, ती १५ पेन्सांवर आली.

या वीस वर्षांत खेड्यांतील घरास मात्र फारसें कांहीं जाणवलें नाहीं. चांदी पडली तर रुपयाही तिच्याबरोबर पडला. गोट आणि कलदार यांचें परस्परांतील नातें अबाधित राहिलें. ओरड केली ती विलायतेंत पेन्शन पाठविणाऱ्या साहेबांनीं आणि सरकारच्या हिशेबनिसांनीं. हिंदुस्थान सरकारास दरवर्षीं लंडनांत पौंडांमध्यें मोठी रक्कम द्यावी लागे, आणि रुपया जितका हलका तितके ते रुपये अधिक. ही अडचण खोटी नव्हती. तिच्यावर जो उपाय शोधण्यांत आला त्याचा खर्च कोणावर पडला, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

लॉर्ड हर्शेल यांच्या समितीच्या शिफारशीवरून ता. २६ जून १८९३ रोजीं हिंदुस्थानांतील टांकसाळी खाजगी चांदीस बंद करण्यांत आल्या. हेतु असा कीं रुपयांची संख्या आवळून त्यांचा भाव १६ पेन्सांवर न्यावा. पांच वर्षांनीं तो तेथें गेलाही. परंतु त्या दिवसापासून रुपया आणि चांदी यांची ताटातूट झाली. रुपया हा चांदीवर छापलेली एक नोटच झाला, आणि सुट्या चांदीस गिऱ्हाईक उरलें तें केवळ सोनाराचें. पुढच्याच वर्षीं लंडनचा भाव २९ पेन्सांवर घसरला व शतकाच्या अखेरीपर्यंत २७-२८ च्या आसपास रेंगाळला. वाचकांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा. १६ पेन्सांच्या रुपयांत जी चांदी होती, तिची किंमत त्या भावानें अवघी दहा-साडेदहा पेन्स भरते. सोळा आण्यांच्या रुपयांत दहा-साडेदहा आण्यांचें रुपें.

आतां त्या गाडग्याकडे परत या. त्यांतील कलदार जसाच्या तसा सोळा आण्यांचा राहिला. किंबहुना विलायती भावानें तो पूर्वीपेक्षां महाग झाला. त्याच्याच शेजारीं पडलेला नागपुरी रुपया मात्र आतां केवळ धातूचा तुकडा ठरला आणि दहा आण्यांच्याही खालीं गेला, कारण त्यांत हीण अधिक असावयाचें. आणि गोट, वाळे, सरी यांची तीच गति झाली. ज्या बाईनें सासूच्या वेळचा नागपुरी रुपया जपून ठेवला होता, किंवा ज्या बापानें मुलीच्या लग्नांत कलदार मोडून तोडे केले होते, त्यांच्या बचतीचा तिसरा हिस्सा एका कायद्याच्या कलमानें नाहींसा झाला. त्यांना कोणी विचारलें नाहीं, आणि गेल्याचें कळविलेंही नाहीं. कर बसविला असता तर निदान पावती तरी मिळाली असती!

सरकारपक्षाचें म्हणणें असें होतें कीं दागिने हे विकण्याकरितां नसतात. ते अंगावरच राहावयाचे, तेव्हां त्यांची किंमत कमी झाली काय आणि न झाली काय, शेतकऱ्याचें नुकसान कल्पनेंतलें. हा युक्तिवाद सुकाळाच्या वर्षीं कसाबसा टिकतो. टांकसाळी बंद झाल्यावर तिसऱ्याच वर्षीं त्याची कसोटी लागली. १८९६ सालीं पाऊस अकालीं थांबला आणि मध्यप्रांतांतील भात उभ्याउभ्या वाळलें. त्यांतून लोक सावरतात न सावरतात तोंच १८९९ सालीं पाऊस जवळजवळ पडलाच नाहीं. भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ च्या खानेसुमारींत सुमारें ७ लक्ष ४३ हजार होती. १९०१ सालीं ती ६ लक्ष ६३ हजारांवर आली. वाढ व्हावयाची ती दूरच राहिली; मूळच्यांतलेच ऐंशीं हजार कमी झाले. दुष्काळ, पटकी, ताप, आणि पोटासाठीं गांव सोडून जाणें, या सर्वांचा हा एकत्र आंकडा आहे.

दुष्काळांत घरें कोणत्या क्रमानें खचतात हें ठरलेलें असतें. प्रथम पेरणीचें बीं खाल्लें जातें, मग भांडीं व दागिने बाजारांत येतात, मग जनावरें, आणि शेवटीं माणूस सरकारी खडी फोडावयास जातो. म्हणजे दागिने हा खडीच्या कामावर जाण्यापूर्वींचा शेवटचा बांध. तो बांध या वेळीं एकतृतीयांश आधींच खचलेला होता. शिवाय गांवोगांवचे लोक एकाच महिन्यांत एकाच सराफाच्या दारीं आपापले गोट घेऊन उभे राहिले म्हणजे लंडनचा भावसुद्धां मिळत नाहीं. सराफ म्हणेल तो भाव. एकीकडे धान्य दुपटीकडे चाललेलें, आणि दुसरीकडे तें विकत घेण्याचें साधन सहा आण्यांनीं हलकें झालेलें. हीं माणसें चांदीच्या पडतीनें मेलीं असें मी म्हणत नाहीं. पाऊस लंडनच्या भावावर पडत नाहीं. पण एका घरास तीन महिने पुरावयाची शिदोरी दोन महिन्यांत संपली असेल, तर त्या तिसऱ्या महिन्याचा जाब पावसास विचारून भागणार नाहीं.

टांकसाळी बंद होण्याच्या या सर्व प्रकरणाची चिकित्सा पुढें १९२३ सालीं डॉ. भीमराव आंबेडकर यांनीं रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या इंग्रजी ग्रंथांत केली. रुपयाचा विलायतेंतील दर स्थिर ठेवण्यापेक्षां देशांतील त्याची खरेदीची शक्ति स्थिर राहणें महत्त्वाचें, असा त्यांचा रोंख होता. हेच गृहस्थ १९५४ सालीं भंडारा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकींत लोकसभेकरितां उभे राहिले व पराभूत झाले. रुपयाचा इतका सूक्ष्म अभ्यास केलेला दुसरा उमेदवार त्या जिल्ह्यास, किंवा कोणत्याही जिल्ह्यास, मिळाला असेल असें वाटत नाहीं.

आतां शोकी संग्राहकाकडे वळूं. चांदी पडली याचें त्याला दुःख व्हावें कीं सुख? वरवर पाहतां दुःख. कारण त्याच्याही कपाटांतील नाण्यांचें धातुमूल्य घटलें. परंतु जुन्या नाण्याचा खरा वैरी स्वस्ताई नसून महागाई आहे. चांदी चढली कीं सोनाराची मूस तापते, आणि तींत क्षत्रपाचा मुखवटा व शहाआलमाचीं अक्षरें सारख्याच वेगानें वितळतात. चांदी उतरली म्हणजे मोडण्याचा लाभ कमी होतो आणि नाणें नाणें म्हणून विकण्याची इच्छा वाढते. दुष्काळाच्या वर्षांत मात्र हा नियम उलटतो. त्या वेळीं भाव कितीही हलका असो, मिळेल तें विकावें लागतें, आणि सराफ रास घेतो, नाणें निवडीत बसत नाहीं. त्या दहा वर्षांत या प्रांतांतील भोंसल्यांचे किती रुपये मुशींत गेले याची नोंद कोणीं ठेवलेली नाहीं. आज नागपुरी रुपया संग्राहकास त्याच्या चांदीहून पुष्कळ अधिक किंमत देऊन घ्यावा लागतो, याचें एक कारण त्या मुशींत आहे. म्हणजे दुसरीची विपत्ति ही पहिल्याच्या नाण्याची दुर्मिळता झाली.

पण संग्राहकासही स्वतःची अशी एक पडती भोगावी लागते, आणि ती चांदीच्या भावावर अवलंबून नसते. ती भाग्यानें येते, किंबहुना फाजील भाग्यानें. पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्या काळीं क्षहरात नहपानाचें रुप्याचें नाणें म्हणजे अप्रूप होतें. पंडितजी १८८८ सालीं निवर्तले. त्यांचा क्षत्रपांवरील लेख रॅप्सन यांनीं १८९० सालीं प्रसिद्ध केला आणि त्यांचा संग्रह मृत्युपत्राप्रमाणें ब्रिटिश म्यूझियमला गेला. त्या वेळीं नहपानाचीं ज्ञात नाणीं अगदीं मोजकीं. आणि १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील जोगलटेंभी येथें एकाच ठेव्यांत १३,२५० नाणीं सांपडलीं, तीं बहुतेक सारीं नहपानाचीं! ज्यानें मोठ्या किमतीनें एक मिळविलें असेल त्याच्या नाण्याचें दुर्मिळपण एका फावड्याच्या घावानें संपलें. बाजाराच्या भाषेंत ही कोसळणीच.

इतिहासाच्या भाषेंत ती कोसळण नव्हती. एका नाण्यावरून जें कधींच कळलें नसतें तें तेरा हजारांवरून कळलें. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला होता. म्हणजे जिंकलेल्याचा पैसा वितळविण्याची वाट न पाहतां जेत्यानें त्यावर आपली मोहर उमटवून तो चालविला. नाशिकच्या लेण्यांतील लेख क्षहरातांच्या उच्छेदाची ग्वाही देतो; त्या ग्वाहीस हा नऊ हजार साक्षीदारांचा दुजोरा मिळाला. रेव्हरंड स्कॉट यांनीं या ठेव्याचें परीक्षण केलें, तेव्हां त्यांना आणखी एक चमत्कार दिसला: नांव सर्वत्र नहपानाचें, पण चेहरे नाना वयांचे व नाना घडणींचे. एकच नाणें पाहून नहपानाच्या नाकाचें वर्णन करणाऱ्या विद्वानांची मोठीच पंचाईत झाली.

तसेंच आमच्या वऱ्हाडांत घडलें. १९३९ सालीं तेव्हांच्या अकोला जिल्ह्यांतील, मंगरूळपीरजवळच्या तऱ्हाळा गांवीं सातवाहनांच्या हिणकस धातूच्या सुमारें सोळाशें नाण्यांचा ठेवा निघाला. धातु म्हणून त्याची किंमत शून्याजवळची. म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनीं तीं वाचलीं तेव्हां कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशा, पुराणांच्या याद्यांतही न सांपडणाऱ्या राजांचीं नांवें उजेडांत आलीं. या प्रकारच्या नाण्याची किंमत त्याच्या सोबत्यांत असते. रास फुटून एकेक नाणें निरनिराळ्या कपाटांत गेलें कीं प्रत्येकाचा भाव चढतो, आणि सर्वांचा मिळून अर्थ उतरतो. १८७८ च्या निधि-कायद्यानें दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविलें पाहिजे असें ठरविलें, त्याचा खरा उपयोग रास एकत्र राहण्यांत आहे. तऱ्हाळ्याच्या कळकट नाण्यांचा भाव कोणी दहा रुपयांच्या आंत लावला असता तर काय झालें असतें, हा विचार मनांत आल्याशिवाय राहत नाहीं.

विसाव्या शतकांत चांदीनें आणखी दोन-तीन उलट्यासुलट्या उड्या मारल्या. औंसाचा भाव ४३ पेन्सांवर गेला कीं रुपया मोडणें फायद्याचें होतें. पहिल्या महायुद्धांत १९१७ सालीं ती मर्यादा ओलांडली गेली, सरकारनें नाणीं वितळविण्यास बंदी केली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस एक रुपयाची नोट काढली. १९२० च्या फेब्रुवारींत भाव ८९½ पेन्सांवर चढला आणि १९३१ च्या फेब्रुवारींत १२ वर आपटला. अकरा वर्षांत जवळजवळ सातवा-आठवा हिस्सा! दुसऱ्या महायुद्धांत कलदाराचीही पाळी आली. १९४० सालीं रुपयांतील चांदी निम्म्यावर आणण्यांत आली, पुढील तीन वर्षांत व्हिक्टोरिया, एडवर्ड व जॉर्ज यांचे जुने चांदीचे रुपये क्रमाक्रमानें चलनांतून रद्द झाले, आणि १९४७ सालीं रुपया निकेलचा झाला. गाडग्यांत राहून गेलेला कलदार अशा रीतीनें अखेर आपल्या नागपुरी शेजाऱ्याच्या पंक्तीस येऊन बसला. १९८० च्या जानेवारींत अमेरिकेंतील सट्ट्यानें चांदी औंसामागें ५० डॉलरांच्या जवळ नेली, आणि मार्चच्या २७ तारखेस एका दिवसांत ती ११ च्या खालीं कोसळली. त्या चढतीच्या महिन्यांत जगभर जीं नाणीं मुशींत गेलीं तीं मार्चच्या पडतीनें परत आलीं नाहींत. पडतीनें ज्या संग्राहकांचे पैसे बुडाले त्यांनीं निदान नाणीं तरी राखलीं.

भंडारा जिल्ह्यांतील सर्वांत जुनीं नाणीं या सर्व गडबडीपासून अलिप्त राहिलीं, तीं पवनीस. वैनगंगेच्या कांठचें हें जुनें तटबंदीचें गांव. भार वंशांतील भगदत्त राजाचा लेख येथें मिळाला. महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा स्तंभ येथलाच. आणि १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व पुरातत्त्व खातें यांच्या वतीनें शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनीं जगन्नाथ टेकडीवर खणून बौद्ध स्तूप उघडा केला. येथल्या मातींतून येणारीं नाणीं बरींचशीं तांब्याचीं व हिणकस मिश्र धातूचीं, झिजलेलीं, नखाएवढीं. भंडाऱ्याच्या तांबट-कासारांस एका ताटाला असलीं कित्येक मूठभर नाणीं लागलीं असतीं, आणि तेवढीं जमवीत बसण्याइतका वेळ कोणास होता? म्हणून तीं मातींत राहिलीं. लंडनांत चांदी ६० पेन्सांवर होती तेव्हां त्यांस भाव नव्हता आणि २७ वर आली तेव्हांही नव्हता. दुष्काळांत तीं कोणी विकावयास नेलीं नाहींत, कारण त्यांवर पायलीभर भातही मिळालें नसतें. पवनीस पाऊस पडून गेल्यावर टेकाडाच्या उतारावर असें एखादें हिरवें पडलेलें नाणें वर येतें.